धुक्यातून बाहेर आलं कोण

घडीमावशींना रिकामं बसता येत नाही. डायलिसिसच्या वॉर्डात आपल्या माणसाला खुर्चीवर बसवलं, हातात सुया गेल्या, मशीन फिरायला लागलं, की बरोबर आलेल्यांना करण्यासारखं काही उरत नाही. आम्ही बाकीचे मोबाइलमध्ये तोंड खुपसतो. मावशी उठतात आणि हाताला लागेल त्या कापडाची घडी घालतात. रिकाम्या खुर्चीवरची चादर, कुणाच्या पायांवरून घसरलेलं ब्लँकेट, नर्सने खुंटीला अडकवलेला ॲप्रन. एकदा माझ्या मांडीवरचा स्वेटर मला न विचारता उचलला आणि दुकानातल्यासारखा करून परत ठेवला.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत त्यांचा जन्म गेला. मोठ्या चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते. कोपरे धरायचे, ताण द्यायचा आणि चालत एकमेकींजवळ यायचं. समोरची ढिली असली की चादर मधोमध झोळ धरते. "आमच्या ह्यांच्यासारखी," असं त्या हे सांगताना म्हणतात.

'हे' म्हणजे कंडक्टर. त्यांचं खरं नाव वॉर्डात फक्त फाइलला माहीत. सगळी नोकरी बसमध्ये उभ्याने केलेला माणूस आता चार-चार तास बसून काढतो, त्यामुळे तोंड तरी चालतं ठेवतो. दारात कुणी नवा पेशंट बावरून उभा राहिला की त्यांचं ठरलेलं, "आत चला, आत चला, आत जागा आहे." तो बिचारा हसतो. पहिल्या दिवशी माझी लेकही हसली होती.

मावशींनी आपली एक किडनी कंडक्टरांना दिली होती. ती काही वर्षं चांगली चालली, मग बंद पडली आणि कंडक्टर पुन्हा मशीनवर आले. हे मला कुणी हळू आवाजात सांगितलं नाही. त्या दोघांच्या भांडणातूनच कळलं.

"माझी चांगली चालती वस्तू होती. ह्यांना वापरता आली नाही."

"तुझीच ती. तुझ्यावरच गेली. मनात आलं, काम बंद."

मी आधी लेकीकडे पाहिलं, तिने हे ऐकलं का ते. कारण माझी किडनी माझ्या लेकीला जुळते.

ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत तिचे पाय सुजायला लागले. पुढचं सगळं लिहीत नाही. माझ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर तयार झाले, मी तर पहिल्या दिवसापासून तयार होते. तीच नाही म्हणत होती. आणि घेणाऱ्याने मनापासून हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं डॉक्टरांचं स्पष्ट म्हणणं.

तिचं कारण शेजारच्याच खुर्चीवर बसलेलं असायचं. "बघ ना," ती मला हळूच म्हणायची. "मावशींची गेली ती गेलीच. काका परत इथेच. तू एक गमावणार, मी तीही घालवणार. त्यापेक्षा मशीन बरं. मशीनला काही वाटत नाही."

मी समजावलं, रडले, अबोला धरून पाहिला. तिच्या मामाकडून फोन करवला. ती त्याला म्हणाली, "मामा, तुला एवढं सोपं वाटतंय तर तुझी दे." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वॉर्डातल्या टेक्निशियनला जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांचा नाद आहे. भिंतीवरच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावतो आणि म्हणतो, डोळे मिटून बसण्यापेक्षा बघा. त्यातल्या एकाला आम्ही सगळे 'धुक्याचा पिक्चर' म्हणतो. गोष्ट अशी : एकमेकांवर जीव असलेल्या दोघांपैकी तो मरतो. ती त्याच्या मागोमाग मेलेल्यांच्या गावाच्या वेशीपर्यंत जाते आणि तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला म्हणते, माझं उरलेलं आयुष्य अर्धं याला दे. म्हातारा म्हणतो, आयुष्याचे तुकडे मला करता येत नाहीत. समोरच्या पुलावर धुकं आहे. दोघं त्यात शिरा. पलीकडे जे निघेल ते तुमचं. दोघं हात धरून धुक्यात जातात. पलीकडे एकच आकृती निघते, डोक्यावरून ब्लँकेट घेतलेली, आपल्याकडे पाठ केलेली. ती चालत राहते, गाणं वाजतं, संपलं.

बाहेर आलं ते कोण, तो की ती, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यात गंमत अशी की पिक्चर संपायला आणि आमची पाळी संपायला एकच गाठ पडायची. मशीनं ओरडायला लागायची, सुया निघायच्या, जो तो कापसाचा बोळा दाबून धरण्यात गुंतलेला. त्यामुळे शेवट कुणी सलग पाहिला नव्हता, आणि मत मात्र प्रत्येकाचं पक्कं होतं.

"ती आली बाहेर," कंडक्टर सांगायचे. "त्याचं तिकीट आधीच संपलेलं. आणि चाल बाईची आहे."

"ब्लँकेटखालची चाल दिसते तुम्हाला," मावशी म्हणायच्या. "नाकासमोरचा चष्मा दिसत नाही. तो आलाय बाहेर. ती एवढ्या लांब गेली होती कशाला मग, हवा खायला?"

"दिग्दर्शकाला विचार."

"तुम्ही विचारा. तुमच्याच बसने जात असेल."

मी साहित्य घेऊन पदवीधर झाले. 'शेवटाचा अर्थ स्पष्ट करा' असा प्रश्न आमच्या वेळी हमखास यायचा. मी दोन्ही बाजू लिहून यायचे आणि मार्क मिळायचे. इथे मला कुणी विचारलं की मी तेच करायचे, दोन्ही म्हणता येईल वगैरे. लेक मात्र एकदा फटकन म्हणाली, "तोच येतो. ती आत राहते. घेणारा घेऊन चालू पडतो आणि आपण त्याला प्रेमाचा पिक्चर म्हणायचं." कंडक्टर हसले. ते वाक्य कुणासाठी होतं, हे मला कळलं.

गेल्या आठवड्यात टेक्निशियनने पिक्चर मधूनच लावला. म्हणाला, आज शेवट बघूनच टाका, रोजची कटकट नको. मशीनं फिरत होती, कुणाला उठायचं नव्हतं. पूल आला, धुकं आलं, दोघं आत गेली, आकृती बाहेर आली.

"बाई," कंडक्टर म्हणाले.

"बाप्या," मावशी म्हणाल्या. "आणि ते ब्लँकेट बघा किती मळलंय. शूटिंगला तरी धुऊन आणायचं."

"मागे घ्या ना जरा," लेक म्हणाली. त्याने मागे घेतलं. आकृती पुन्हा बाहेर आली, थोडी चालली, मग त्याने ती तिथेच थांबवली. लेकीने टीव्हीवरची नजर काढून त्या दोघांकडे वळवली. "काका, मावशी, तुमच्या लक्षात आलंय का? इतके दिवस तुम्ही एकमेकांनाच बाहेर काढताय. स्वतःला कुणीच काढत नाही."

कंडक्टर आपल्या हातातल्या नळीकडे बघायला लागले. मावशींनी हातातलं ब्लँकेट उगाच पुन्हा उलगडलं. मग म्हणाल्या, "मग काय करू? मी बाहेर येऊन ह्यांना आत ठेवू? त्या रखवालदाराचं डोकं खातील. तो स्वतःच आणून सोडील."

वॉर्ड हसला. लेक हसली नाही. "मावशी, खरं सांगा. तुमची फुकट गेली असं वाटत नाही?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. हा प्रश्न मीही महिनोन्‌महिने गिळत होते.

"वाटलं ना," मावशी म्हणाल्या. "बंद पडली तेव्हा मला राग आला. ह्यांचा नाही, किडनीचा. पोरीला ओळखीने कामाला चिकटवावं आणि तिने आपली लाज काढून परत यावं, तसं. माझी असून टिकली नाही म्हणजे काय? कितीतरी दिवस मी लाँड्रीत कुणाला सांगितलंच नाही."

"मग?"

"मग एक दिवस चादरीचं दुसरं टोक धरणारीला सांगितलं. ती म्हणाली, तेवढी वर्षं तुझा नवरा बसवर गेला ना? गेला. धाकट्याचं शिक्षण झालं ना? झालं. घरी भांडायला कुणी होतं ना? होतं म्हणजे काय, पुरून उरलं. मग ती वर्षं कुणी परत मागतंय का तुझ्याकडून?" मावशींनी ब्लँकेटचे कोपरे जुळवले. "फुकट म्हणायला ती वर्षं तरी परत द्यावी लागतील."

कंडक्टरांनी घसा साफ केला. "मीपण नाहीच म्हणत होतो, मॅडम." लेकीला ते मॅडम म्हणतात. "भ्यायलो होतो. मरणाला नाही, हिला. जन्मभर ऐकवील म्हणून."

"ऐकवलं?"

"रोज."

"मग?"

"आधीही ऐकवतच होती. मला वाटलं होतं वाढेल. तेवढंच राहिलं."

मावशींनी त्यांच्या तोंडात बर्फाचा खडा घातला, म्हणजे बोलणं थांबेल आणि तहानही भागेल. टीव्हीवर आकृती अजून थांबवलेलीच होती. लेक त्या आकृतीकडेच बघत होती. मग मला म्हणाली, की स्वतःलाच, मला अजून सांगता येत नाही : "मागे वळून बघत नाही."

"कोण?"

"जे कुणी आहे ते. एकदाही मागे बघत नाही. आत कुणाला टाकून आलेलं माणूस असं चालेल का? निदान एकदा वळेल. पुलाच्या टोकाला थांबेल."

"म्हणजे दोघंही आलीत म्हणतेस?" कंडक्टरांनी बर्फ गालात सरकवून विचारलं.

"ते माहीत नाही. पण मागे कुणी राहिलेलं नाही."

कॉलेजात मी हा शेवट वाचला असता तर कोण आलं याच्यावरच पानं भरली असती. चालणाऱ्याची मान कुठे आहे, हे बघायचं मला सुचलं नसतं. आणि हे तिने पिक्चरबद्दल म्हटलं की आमच्याबद्दल, असं विचारायचं धाडसही मला झालं नाही. जे बोललं गेलं ते हलवलं तर सांडेल, असं वाटत होतं.

टॅक्सीत ती हातावरची पट्टी धरून खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "तू किती दिवस ऑफिसला जाऊ शकणार नाहीस?"

मी म्हटलं, "महिना, दीड महिना."

"आणि आपण दोघी पडलेल्या, स्वयंपाक कोण करणार? माझी सख्खी मावशी नको हं. ती पातेलं घासताना रडते."

"मामा येईल."

"मामा चालेल. पण टीव्हीचा रिमोट माझ्याकडे."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच डॉक्टरांना फोन करून हो सांगितलं.

तेव्हापासून मला भीती वाटते आहे. इतके महिने तिला राजी करण्यात गेले, त्यात स्वतःच्या पोटावर सुरी चालणार आहे हे मनाला शिवलंच नव्हतं. आज संध्याकाळी घडीमावशींना फोन केला. वाटलं, त्या काही धीराचं बोलतील.

"आता भीती वाटायला लागली असेल," त्या म्हणाल्या.

"हो."

"वाटायचीच. तुला कुठली काढणार?"

"डावी."

"मग आजपासून उजव्या कुशीवर झोपायला शीक. मला कुणी सांगितलं नव्हतं, फार हाल झाले. सवय आधीच लागलेली बरी."

मी अंथरुणावर पडून शिकते आहे. अजून जमत नाही, म्हणून उठून हे लिहायला बसले. आता परत जाऊन पाहते.