फुल फ्रेम आन् सासऱ्याचे बैल

काय सांगू तुम्हाले! साकोलीत माह्याएवढा हुशार माणूस नाही, असं माह्यं गेल्या महिन्यापर्यंत पक्कं मत होतं. आता बायको समोरून गेली तरी मी खाली पाहतो. घ्या, चहा घ्या, थंडा होऊन राहिला. सांगतो सगळं, पण मधात कोणी हसाचं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. म्हंजे कोणी विचारलं नाही तरी समजावून सांगतो! माह्याजवळ एक लहान मिररलेस कॅमेरा होता, लहान सेन्सरचा. त्याले लांबचा लेन्स. नागझिऱ्यातले पाखरं काढाचो, मस्त चालून राहिलं होतं. पण चांगलं चाललेलं माणसाले पाहावते का? दोन महिने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आन् डोक्यात किडा शिरला. फुल फ्रेमच पाह्यजे, म्हंजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा!

"हे पाय सुलभा," मी बायकोले म्हटलं, "सेन्सर म्हंजे बांधी समज, धानाची. आन् उजेड म्हंजे पाणी. मोठ्या बांधीत पाणी जास्त मावते. म्हंजे अंधारातबी फोटो साफ!"

"मंग तुम्ही अंधारात कशाचे फोटो काढता?"

"अवो, तत्त्व समजून घे न!"

"समजलं. पण मोठ्या बांधीले नांगरणीबी जास्त लागते, बियाणंबी जास्त लागते. तसा लेन्सबी मोठाच लागन न?"

"तुले त्यातलं नाही समजत," मी म्हटलं.

तिले सगळं समजलं होतं, हेच तं दुखणं आहे! लहान सेन्सरवर दूरची गोष्ट जवळ येते. तेच फुल फ्रेमवर आणाचं म्हटलं तं मुसळाएवढा लेन्स लागते. सगळ्या व्हिडिओत हेच सांगत होते. तेवढाच भाग मी पुढं सरकवत होतो.

त्यातच सासऱ्याचा फोन आला. सानगडीकडं गाव आहे त्याईचं. आमच्याकडं पट असला, म्हंजे बैलाईची शर्यत हो, की लेकी-जवायाले बोलावणं येतेच.

"जवाईबापू, एक काम हाये," मामाजी म्हणाले. "पाखऱ्या आता म्हातारा झाला. त्याच्या आन् सोन्याच्या जोडीचा हा शेवटचा पट. एक फोटो पाह्यजे, बैठकीत लावाले. धावतानाचा. पाय हवेत पाह्यजेत बरं!"

पाखऱ्याले त्याईनं वासरू होता तेव्हापासून हातानं चारलं. मी म्हटलं, "मामाजी, असा फोटो काढतो की बैल भिंतीतून बाहेर येतीन!"

बस. फुल फ्रेम मागवला. दुसऱ्या कंपनीचा. सोबत पस्तीस एमएमचा एक आखूड लेन्स मिळणार होता. सुलभा म्हणे, "दूरचं कसं काढसान?" मी म्हटलं, "जुना लांबचा लेन्स लावतो न!" फवारणी पंपाचं नोझल कोणत्याबी पंपाले बसते. आमच्याकडं लहान पोरालेबी हे माहीत आहे. लेन्सनं काय घोडं मारलं?

पार्सल पटाच्याच दिवशी सकाळी आलं. लावून पाहाले वेळ कोणाले? जुना कॅमेरा सुलभाच्या गळ्यात टाकला. "हा तू ठेव. लेकराईचे फोटो काढ."

पटावर ही गर्दी! जवाई म्हणून मले मंडपात पहिल्या रांगेत खुर्ची, खांद्यावर दुपट्टा. मी ऐटीत बॅगेतून लांबचा लेन्स काढला, नवीन कॅमेऱ्याले लावला. बसेना. फिरवला. बसेना. पुसून लावला, फुंकून लावला, मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन लावला. कंपनीच वेगळी, त्याची खाचच वेगळी! मास्तर घामाघूम.

"काय झालं जी?" सुलभा.

"काही नाही. हवेत दमटपणा आहे."

तिनं माह्या हातातला लेन्स घेतला आन् खट्कन आपल्या लहान कॅमेऱ्याले बसवला.

माह्याजवळ उरला तो पस्तीसचा. त्यातून पाहिलं तं अख्खा पट दिसे. माणसं, मंडप, चिवड्याची दुकानं, सगळं! बैल मात्र मुंगळ्याएवढे. आता मामाजीले तोंड कसं दाखवाचं? एकच उपाय होता. जवळ जाणं.

बैल धावाच्या पट्टीले आडवे बांबू बांधले होते, त्याच्या खालून वाकून मी पलीकडं गेलो. आधी काठावर बसलो. तिथूनबी लहानच दिसे. मंग सरकत सरकत पट्टीच्या मधोमध जाऊन एका गुडघ्यावर बसलो.

भोंग्यावर आवाज आला, "ओ कॅमेरावाले भाऊ, बाजूले व्हा!"

मी हात हलवला. म्हंजे, काळजी नको.

"कोणाचे पाव्हणे हायेत हे? ज्याचे असतीन त्यानं घेऊन जावं!"

तेवढ्यात झेंडी पडली. जोडी सुटली! मी डोळा कॅमेऱ्याले लावलेला. बैल अजून दूरच. म्हटलं, येऊ दे, थोडे मोठे होऊ दे. अजून थोडे. अन् बापा, आखूड लेन्समधले बैल हळूहळू मोठे होत नसतात! आत्ता बकरीएवढे होते, पापणी लवते न लवते तं फुल फ्रेम भरून नुसत्या नाकपुड्या!

मी बटण दाबलं आन् उडी मारली. पायातली एक चप्पल कुठं गेली, मले माहीत नाही. मी गेलो धानाच्या तणसीच्या ढिगात, डोक्याकडून.

धुरकऱ्यानं, म्हंजे जोडी हाकणाऱ्यानं, बैल सरळ धरले, म्हणून बरं. बैल वाऱ्यासारखे निघून गेले. मामाजी धावत आले. माह्याकडं नाही, आधी बैलाईकडं. पाखऱ्याचे चारही पाय चाचपले. मंग माह्याजवळ आले.

"जवाईबापू, लागलं तं नाही?"

"नाही जी."

"फोटो?"

मी कॅमेरा पाहिला. निळं आभाळ. इतकं साफ, इतकं साफ की काय सांगू! एक डाग नाही. कोपऱ्यात माहा अंगठा. मामाजीनं पाहिलं. मंग माह्या केसातली तणस काढून टाकली. दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं. माह्यामुळं म्हाताऱ्या पाखऱ्याच्या शेवटच्या पटाचा फोटो गेला, असं वाटून मले तिथंच रडू आलं.

"बाबा, हे पाहा," सुलभा म्हणाली.

मंडपातूनच काढला होता तिनं. लहान सेन्सर, लांबचा लेन्स. सोन्या-पाखऱ्या पुरे हवेत! खुरांची माती, शिंगाचे गोंडे, सगळं सुईसारखं साफ. अन् त्याईच्या पुढं, अर्ध्या फोटोत मी. मीबी हवेत! तोंड वासलेलं, डोळे बाहेर, दुपट्टा उडालेला.

दुसऱ्या दिवशी मामाजी आन् मी साकोलीच्या स्टुडिओत मोठा फोटो बनवाले गेलो. स्टुडिओवाल्यानं फोटो पाहिला, माह्याकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"भाऊले कापून टाकू का यातून?"

"काप, काप!" मी घाईघाईनं म्हटलं.

"नको जी," मामाजी म्हणाले. "जवायाले राहू दे. त्याईच्या तोंडाकडं पाह्यल्याबिगर लोकाईले समजन कसं, माहे बैल किती जोरात येऊन राह्यले होते ते?"