पुस्तकाबरहुकूम गाडी

नोकरीतल्या कितीतरी खुनांचा तपशील मी विसरलो, पण धुळ्यातली ती मोटारींची शर्यत काही केल्या विसरता येत नाही. त्या प्रकरणात गुन्हेगार असा कुणी नव्हताच. असलाच तर मी.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्यात फौजदार होतो. हौशी गाडीवाल्यांच्या एका मंडळाने गावाबाहेरच्या माळावरच्या रस्त्यावर शर्यत ठरवली होती. परवानगी देताना अट होती : गाडी मूळ बांधणीचीच हवी, काही बदल केला असेल तर नोंदणी पुस्तकात त्याची नोंद हवी. गाडी तपासून दाखल्यावर सही करण्याचं काम माझ्याकडे होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी खबर आली. अमळनेरच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींच्या धाकट्या मुलाने गाडीत गुपचूप फेरफार केलाय आणि त्यातून तो बऱ्हाणपूरकडची दारू आणतो. खबर देणारा स्वतःच शर्यतीत उतरणार होता, पण मी तिकडे काणाडोळा केला. दारूबंदीचे दिवस होते आणि मला मोठा मासा हवा होता.

गाडी ठाण्याच्या आवारात आणवली. मालक, मी त्यांना भाऊ म्हणतो, तिशीचे होते. जिनात पायावर रुईची गाठ पडल्यापासून ते लंगडत. त्यांच्याबरोबर त्यांचा पन्नाशीचा मिस्तरी होता. भाऊ काही बोलेनात, म्हणून मिस्तरीला आत घेतलं. दोन तास उभा केला, दरडावलं, चहा पाजून गोडही बोललो.

"दारू-बिरू काही नही, साहेब. पन काय करेल शे ते मी सांगाव नही. जबान देयेल शे."

जबान वगैरे ऐकलं की पोलिसाचं डोकं जास्तच फिरतं. मी हवालदाराला गाडी उकलायला सांगितलं. सीट काढली, पत्रा उचकटला. पोकळी नाही, दारूचा थेंब नाही. फक्त स्टिअरिंगखालून निघून ब्रेकच्या पेडलला जोडलेली एक लोखंडी दांडी सापडली. ती हाताने दाबली की ब्रेक लागे.

तेव्हा कुठे मिस्तरी बोलला. "त्यासना उजवा पाय ब्रेकवर जोर धरत नही, साहेब. लंगडतस हाई बठ्ठा लोकेसले माहीत शे. पाय इतला गयेल शे, हाई फक्त माले माहीत शे. लायसन जाई म्हणीसन सांगं नही."

डोंगर पोखरून उंदीर निघाला होता आणि आवारात सगळे बघत होते. त्याच वेळी भाऊंना म्हणायला हवं होतं, 'या दांडीची रीतसर नोंद करून घ्या, यंदाची शर्यत राहू द्या.' नियमातच तशी वाट होती. पण मी चिडलो होतो. "बेकायदा बदल आहे. आत्ताच्या आत्ता काढा," म्हणालो.

"हाई काढशात तं भाऊ गाडी कसा चालाडतीन?" मिस्तरीने हात जोडले.

"ड्रायव्हर ठेवतील."

त्याने आपल्याच हाताने दांडी काढली. भाऊ खाली बघत होते. नंतर हळूच म्हणाले, "गाडीत बसलो की मी लंगडा नसतो, फौजदारसाहेब. तेवढंच होतं." मी दाखला पुढे ओढला आणि 'वाहन पुस्तकाबरहुकूम' असं लिहून सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मी वळणावर बंदोबस्ताला होतो. भाऊंची गाडी आली. स्टिअरिंगवर ड्रायव्हर नव्हता, भाऊच होते. मंडळाने दाखला पाहून गाडी सोडली होती. दाखल्यात गाडीची चौकशी होती, चालवणाऱ्याच्या पायाची नव्हती. शेजारी मिस्तरी बसला होता, दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून. भाऊ ऐकेनात, म्हणून त्यांच्या पायाचं काम तो करायला निघाला होता.

वळणावर हँडब्रेक पुरला नाही. गाडी नाल्यात गेली. भाऊ वाचले. मिस्तरी बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला.

पंचनामा मीच केला. ब्रेक सुस्थितीत, स्टिअरिंग सुस्थितीत, बेकायदा बदल नाही. एक अक्षरही खोटं नव्हतं. वरिष्ठांनी कागद चोख आहेत म्हणून पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली, याची आज लाज वाटते.

पुढे मी कुठलीही बेकायदा वस्तू काढायला लावण्याआधी एक प्रश्न विचारायला शिकलो : ही इथे कुणासाठी बसवली आहे? बऱ्याचदा उत्तर लबाडीचंच निघालं. पण विचारल्याशिवाय राहिलो नाही.

मिस्तरीचे कपडे परत द्यायला मी अमळनेरला गेलो होतो. त्याची बायको दारात उभी होती. रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "साहेब, यासना हातनी काही चूक व्हयनी व्हती का? गाडीमा काही खोट ऱ्हायनी व्हती का?"

"नाही अक्का," मी म्हणालो. "त्यांच्या कामात काहीच खोट नव्हती."

तिला केवढं बरं वाटलं. हात जोडून म्हणाली, "तुम्हीन सोता तपासेल व्हती ना गाडी, मंग बराबरच ऱ्हाई."

मी मान हलवली आणि खरं न सांगताच पायऱ्या उतरलो.