ताटावरचा आडवा हात

कटाच्या आमटीचा वास आला की मला शेळगावच्या जत्रेचं जेवण आठवतं. माझ्या जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकतो, म्हणून डॉक्टरांनी मला थोडं थोडं खायला सांगितलं होतं. पोट गच्च भरलं की आंबट पाणी घशाशी येई आणि आवाज बसे. त्यात जत्रेच्या त्याच दुपारी इंदापूरच्या सभेत मला कालव्याच्या पाण्यावर बोलायचं होतं. पण आग्रह नावाची जुलूमशाही ऐकते कुणाचं? “अगं, एवढ्यानं काय हुतंय? मोर्चं काढनारी पोरगी अन् चिमणीवानी खातीस व्हय?” म्हणत चुलत्या पोळ्या वाढतच होत्या. कालव्याच्या साहेबांना तोंडावर सुनावणारी मी तिथं पोळीचा पुढचा घास मोडू लागले. तेवढ्यात जत्रेला माहेरी आलेल्या आत्यानं, जी स्वतः कुणाला अर्धपोटी उठू देत नसे, माझ्या ताटावर आडवा हात धरला. “सरका तिकडं! तिला तरास हाय. तुमची माया तिच्या नरड्यात कोंबू नका. सभा झाल्यावर खाईल ती, सावकाश.” सभेत माझा आवाज शेवटपर्यंत खणखणीत राहिला. हक्कासाठी भांडायला मी पत्रकं वाचून शिकले. पण माझ्यासाठी घरच्यांशी भांडलेलं पहिलं माणूस म्हणजे आत्या.