मिठाचा दगड

माझी नात सृष्टी मुंबईला समुद्राजवळ राहते. परवा फोनवर सांगत होती, "आजी, मी आता ऑफिसला चालत जाते. प्लास्टिकची पिशवी घरात येऊ देत नाही. सुट्टीत गावाला येताना बस नाहीतर रेल्वे. जमिनीवर आपला भार कमी पडला पाहिजे गं."

मी म्हटलं, "बरं करतीस बाई. तुझ्या बापाचा मामा जन्मभर हेच करत होता. त्याला मात्र लोक म्हणायचे, ए धनगरा, मेंढरं रस्त्यातनं बाजूला घे."

ती हसली आणि म्हणाली, मग त्याचं लिहून काढ. मी दुसरी इयत्ता शिकलेली. तीही पुरती नाही, मधेच मेंढरं राखायला गेले. अक्षर म्हणजे कोंबडी चिखलात नाचल्यासारखं. पण लिहिते.

गेणबा माझा पाठचा भाऊ. माहेर आमचं बारामतीकडच्या अंथुर्ण्याच्या शिवारात, वस्तीवर. मला दिली तिथून जवळच, कालव्याखालच्या रानात. माझ्या सासरीही आधी मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं तशी सासऱ्यांनी ती विकली आणि ऊस लावला. सगळ्या भावकीनं तेच केलं. गेणबानं केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "ऊस एका जागी उभा ऱ्हातो, आक्का. त्याच्यासंगं मी काय बोलू?"

त्याचं अख्खं घर एका घोडीवर मावायचं. खाली घोंगड्या, त्यावर पिठाची पिशवी, तवा, परात आणि सगळ्यात वर पायाला दोरी बांधलेल्या दोन कोंबड्या, राणीसारख्या बसलेल्या. घोंगडं फाटलं की त्याची घोडीच्या पाठीवर गादी व्हायची. गादी फाटली की लंगड्या मेंढराच्या पायाला पट्टी. टाकून द्यायला त्याच्याकडं काही उरायचंच नाही. माझ्या घरात नुसती भांड्यांची मांडणीच त्याच्या घोडीएवढी होती, आणि तरी मला वाटी सापडायची नाही.

दिवाळी झाली की तो आणि भावकीतली दोनचार बिऱ्हाडं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. बारामती, जेजुरी, पुणं मागं टाकत, घाट उतरून पेण-अलिबागपर्यंत, सगळं पायी. तिकडं भात कापून झालेलं असायचं. रिकाम्या खाचरात मेंढरं रात्रीची बसवायची, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, आणि शेतकऱ्याचे तांदूळ आपल्याला. पाऊस लागायच्या आत माघारी. येताना तो माझ्यासाठी समुद्राकडच्या मिठागरातलं खडेमीठ आणायचा, पोतडीभर. जाडं, मातकट आणि खारट असं की चिमटीत भाजी बिघडायची.

समुद्र कसा असतो म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाला, "लई पाणी. पण मेंढराच्या कामाचं न्हाय." तिकडच्या शहरातल्या एका बंगलेवाल्या बाईची गोष्ट तो दर वर्षी सांगायचा. मेंढरांनी तिच्या फाटकापुढं घाण केली म्हणून ती शिव्या देत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तीच बाई बादली घेऊन याच्या तळावर, "गुलाबाला खत मिळेल का?"

"मग दिलंस का?"

"दिलं की. वर सांगितलं, बाई, कालचं ताजं हुतं."

भाऊबिजेला लोक बहिणीला लुगडं घालतात. गेणबा म्हणाला, "लुगडं फाटंल, आक्का. मी तुला खत घालतो." कोकणात निघायच्या आधी त्याची मेंढरं दोन रात्री माझ्या रानात बसायची. हीच माझी ओवाळणी. शेजारच्या बायका नवी लुगडी दाखवायच्या, मी त्यांना रान दाखवायची. पुढं वर्षभर त्या तुकड्यातलं पीक काळंभोर दिसायचं.

आणि मी मेंढरांना मीठ घालायची. रानाच्या कोपऱ्यात लिंबाखाली एक काळा, रुंद, सपाट दगड होता. गेणबानंच आणलेलं मीठ मी त्यावर पसरायची. मेंढरं बांधावर आली रे आली की दगडाकडं पळायची, पोरं मामाच्या गावाला आल्यासारखी. मेंढरू दोन गोष्टी विसरत नाही, वाट आणि मीठ.

त्यांना तिथून उठवायची ताकद एका गेणबाच्या हाकेत होती. जीभ टाळ्याला लावून तो असा काही आवाज काढायचा, "हिर्रर्र... या गं बया, या," की सव्वाशे माना एकदम वर. प्रत्येक धनगराची हाक वेगळी असते. आणि आमच्यात एक रीत आहे. दुसऱ्याच्या कळपाला हाक घालायची नाही, थट्टेतसुद्धा नाही. मेंढरू आलं तर चोरी, नाही आलं तर बेअब्रू.

ही गोष्ट पंच्याण्णव सालची. कारभार माझ्या थोरल्याच्या, हिंदुरावच्या हातात नुकताच आला होता. भाऊबिजेच्या दिवशी चारच्या सुमाराला गेणबा आला. मेंढरं पाठीमागनं त्याची बायको रतन हाकत आणत होती. घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच मामाभाच्यांची जुंपली.

"मामा, आता कुठं मेंढरं बसवत बसता? पोतंभर युरिया टाकला की आठ दिवसांत रान हिरवंगार. तुमची मेंढरं दोन रात्री बसणार आन् पिसवा ठेवून जाणार."

"पिसवांचं पैसं लावलं का भाच्या मी कधी?"

"तसं न्हाय, पर जमाना बदलला."

"बदलू दे की. तुझं पोतं भाऊबिजेला आक्काकडनं ओवाळून घ्यायला येतंय का, तेवढं सांग."

हिंदुरावपण हसला. मामावर जीव होता त्याचा. गेणबा पाटावर बसला. मी कुंकू लावलं, निरांजन पेटवलं. ताट अर्धं फिरवलं असेल, तेवढ्यात रानातनं रतनची किंकाळी आली.

झालं होतं ते असं. सकाळी हिंदुरावनं उसाला टाकायला युरियाचं पोतं रानात नेलं होतं. पाटाचं पाणी नुकतंच सोडलेलं, सगळीकडं ओल. युरियाला ओल लागली की तो पाघळतो. त्या कोपऱ्यात कोरडी जागा एकच, तो दगड. त्यानं पोतं त्यावर टेकवलं, तोंड उघडलं, आणि सण म्हणून जेवायला घरी आला. आजच मेंढरं येणार, हे त्याला ठाऊक होतं. दगड मेंढरांचा, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. पांढरेशुभ्र खडे, दगडभर सांडलेले. मेंढरं बांधावर आली आणि पळत सुटली. रतन मागनं बघत होती. तिलाही वाटलं, आक्कानं यंदा लई मीठ घातलंय.

आम्ही पोचलो तेव्हा पुढची मेंढरं अंगभर थरथरत होती. पोटं नगाऱ्यासारखी. तोंडाला फेस. आणि मागची अजून ढकलाढकली करत होती दगडाजवळ जायला. गेणबानं हाक घातली. माना वर झाल्या, पण पाय उचलेनात. त्यानं मग पोत्यावर घोंगडं टाकलं आणि त्यावर आडवा पडला. पोत्यावर आडवा पडलेला माझा भाऊ, आणि चारी बाजूनं त्याच्या अंगावर चढू बघणारी त्याचीच मेंढरं. मी ताट हातात घेऊनच तिथवर आले होते. निरांजन वाटेत कुठं विझलं कळलं नाही.

"काय खाल्लं?" रतन विचारत होती. "आक्का, मीठच हुतं नव्हं?"

हिंदुरावनं दगडावरचे खडे मुठीत उचलून तिला दाखवले.  मग म्हणाला, "मामा, मला मारा."

गेणबा उठला. म्हणाला, "तुला मारून मेंढरू उठत आसतं तर एव्हाना मारला आसता. जा, चिंच कालव."

युरियाच्या विषावर आंबटच लागतं. घरात होतं तेवढं ताक, होती तेवढी चिंच कालवून आम्ही पाजत सुटलो. वस्तीवरच्या बायका घरचं ताक घेऊन धावत आल्या. सणाचा दिवस, कुणाच्या केसात फुलं, कुणाच्या अंगावर नवं लुगडं, आणि सगळ्या गुडघ्यावर बसून मेंढरांचे जबडे उघडतायत. एकीला पाजावं तोवर दुसरी पाय ताणून पडायची. आधी मी बघून बघून पाजत होते, ही जगेल, ही नाही जगायची. मग तेही कळेना. शेजारच्या पोरानं मोटारसायकलवर जनावरांचा डॉक्टर आणला. बिचारा आल्या पायी बाह्या सारून बसला, इंजेक्शनं दिली. दिवस मावळता मावळता हात धुताना एवढंच म्हणाला, "ताक-चिंच दिलंत ते बरं केलंत. आता वाचली ती वाचली."

म्होरकी चांदी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, घाटातही कळपाच्या पुढं चालणारी. ती सगळ्यांच्या आधी दगडाजवळ पोचली होती. म्होरकीच ती. रतन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या पोटावरनं हात फिरवत होती, बाळाचं पोट दुखल्यावर फिरवतात तसा. चांदी कधी गेली ते आम्हाला दिसलं, रतनला दिसलं नाही. तिचा हात फिरतच होता.

निम्म्याच्या वर कळप गेला. दुसऱ्या दिवशी रानातच खड्डा घेतला. कातड्यासाठी एक माणूस आला होता, गेणबानं त्याला चहा पाजून माघारी लावला. दर साली मी त्याच्याकडनं खत घेत होते. ते असं नको होतं. पुढच्या साली तिथला ऊस एवढा वाढला की वाटेनं जाणारे थांबून बघायचे. मी त्या बाजूला बघायची नाही.

भावकीतली बिऱ्हाडं दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी त्यांना निघणं भाग होतं. भात कापून झालं की खाचरं कुणासाठी थांबत नाहीत. आणि उरल्या एवढ्याशा मेंढरांना कोकणात कोण बसवून घेणार? एका रात्रीत एक खाचरसुद्धा भरायचं नाही.  गेणबानं उठून उरलेली मेंढरं चुलतभावाच्या, नागेशच्या कळपात घातली. घोडीही दिली. घोडीवरचं घर तेवढं उतरवून घेतलं. ते माझ्या ओसरीत एका कोपऱ्यात मावलं.

"आरं, हिंदुराव म्हणतोय तसं त्याच्या वाटणीचं रान इकून नवी मेंढरं..." मी बोलायला गेले.

"आक्का, त्याला काय बोलू नगंस. त्यानं दगड कोरडा बघितला. मेंढरांनी बी दगडच बघितला."

हिंदुरावनं मात्र पहार घेतली, तो दगड उपटला आणि कालव्यात ढकलून दिला. दिवसभर एकटा खपत होता. कुणाला हात लावू दिला नाही.

गेणबा बारामतीला एमआयडीसीत राखणदार म्हणून लागला. खाकी कपडे, बूट आणि गळ्यात शिट्टी. ज्याच्या जिभेवर सव्वाशे मेंढरं उठायची त्याला शिट्टी दिली त्यांनी. रतन म्हणायची, "खोलीत नळ हाय, लाईट हाय. फकस्त ह्यांना झोप लागत न्हाय. कुणी हाललं न्हाय तर रात कशी कळायची, म्हणत्यात."

दुसऱ्या वर्षी भाऊबिजेला तो एसटीनं आला. प्लास्टिकच्या पिशवीतनं माझ्यासाठी लुगडं आणलं होतं, हिरवं, चांगल्या पोताचं. मी ओवाळलं. जेवण झालं. चहा झाला.  मग म्हणाला, "रानात जाऊन येऊ."

आम्ही बांधावर पोचलो आणि रस्त्यानं नागेशचा कळप आला. कोकणात निघाला होता. तो मुद्दाम रस्त्याच्या पलीकडनं नेत होता, शहाणा माणूस. पण कळपातनं थोडी मेंढरं फुटली. उसाच्या कडंनं पळत आली आणि लिंबाखाली थांबली. दगड नव्हता. त्यांनी जागा हुंगली. एकीनं माती चाटली.

नागेशनं दोनदा हाक घातली. मेंढरं हलेनात. तो रस्त्यावरनंच ओरडला, "गेणबादादा, तुमी हाक मारा की. तुमचीच हायत."

गेणबा जागचा हलला नाही. "तुझ्या कळपातली हायत."

"आवो, मी सांगतोय नव्हं! मी काय चोरी म्हणणार हाय का?"

गेणबाची जीभ टाळ्याला लागलेली मला दिसली. गालावरनं कळतं. मी त्याची थोरली बहीण आहे. पण आवाज आला नाही.

मला राहवलं नाही. घरात त्यानंच आणलेलं मीठ मडक्याच्या तळाशी उरलं होतं. मी पळत गेले आणि पदरात घेऊन आले. दगड नाही तर मातीवर घालावं म्हणून खाली वाकले.

"आक्का, नगंस घालू," गेणबा म्हणाला. "पुढल्या साली बी येतील."

मी पदर तसाच धरून उभी राहिले. मेंढरं माझ्या पदराकडं बघत होती आणि गेणबा बुटांकडं. नागेश शेवटी रान ओलांडून आला, काठीनं त्यांना वळवलं आणि हाक घालत पुढं झाला. थोडी चालली की थांबायची, मागं बघायची. मग उसाआड गेली.