वाल्बुर्गाचे दोन खिळे

वाल्बुर्गाने एकतीस वर्षं गावच्या कारखान्यात बनियनं शिवली. त्या डोंगराळ भागात तिच्याइतका भरभर हात चालवणारं कुणी नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत तिचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून नवरा ऑयगेन तिच्या हातातली प्रत्येक वस्तू काढून घेऊ लागला. माणूस मायाळू, पण त्या मायेनं ती गुदमरायची.

ऑक्टोबरात दारचं झाड आंबट सफरचंदांनी लगडलं. दरवर्षी या दिवसांत ती सफरचंदाचे काप पिठात घोळून तुपात तळायची. यंदा ऑयगेनने बेकरीतून केक आणायचं ठरवलं. पण तो बेकरीत गेल्यावर तिने हातोडी शोधली.

एका हाताने सफरचंद सोलायचं तर ते धरणार कोण? तिने दोन विटांवर फळी ठेवली, वर पाय रोवला. खिळा उभा राहीना, म्हणून तो अर्ध्या बटाट्यात खोचला, बटाटा फळीवर ठेवला आणि डाव्या हाताने ठोकला. तीन वाकले, दोन आरपार गेले. फळी धुऊन उलटी केली, वर आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर सफरचंद रोवलं आणि सोलायला बसली. पहिल्याचा निम्मा गर सालीबरोबरच गेला.

ऑयगेन केक घेऊन परतला तेव्हा ओट्यावर सालींचा ढीग होता. त्याने सवयीने सुरीकडे हात नेला.

"हात लावलास तर बघ," ती म्हणाली. "अंगणात जाऊन पानं झाड."

"अगं, बोट कापशील."

"कापलं तर माझंच कापेल ना?"

तो गेला, पण खिडकीतून बघत राहिला. भांडं सरकू नये म्हणून तिने खाली ओलं फडकं घातलं, अंडी फोडली, कवचाचे तुकडे वेचले, दूध-मैदा फेटला. पहिला घाणा करपला. तिने आच कमी केली, दुसरा सोडला.

दोन तास लागले. एरवी अर्ध्या तासाचं काम. दालचिनी-साखर भुरभुरून तिने ताटली त्याच्यापुढे ठेवली.

"दरवर्षी गोल असायचे," तो म्हणाला. "मध्ये भोक असलेले."

सफरचंद आडवं करून अखंड चकत्या पाडणं एका हाताला जमलं नव्हतं. दोन फाका करून तिने अर्धगोल काप केले होते.

"गोलच हवे असतील तर दुसरी बायको कर."

तो हसला आणि सहा खाल्ले. फेब्रुवारीनंतर प्रथमच ती पोटभर जेवली.

पुढच्या शनिवारी तिने टोपली भरून सफरचंदं काढली. त्याने विचारलं, काय करू? तिने त्याला तूप वितळवायला सांगितलं आणि सुरी स्वतःकडेच ठेवली.