नॉर्वेकरांचा व्हिसा

चार जणांत बसलेलं असताना कुणी "नॉर्वेकर" म्हटलं, की माझा चहा गार झालाच म्हणून समजा. एक सांगून होत नाही तोवर दुसरं आठवतं. स्वस्थ बसणाऱ्या माणसांचे किस्से होत नाहीत हो. ज्यांचं निम्मं सामान कायम बॅगेत, त्यांचे होतात!

"नॉर्वेकर" हे आडनाव कसबा पेठेनं दिलेलं. माणसं खरंच नॉर्वेची. पास्टर एरिक, त्यांची बायको इंग्रिड आणि आले तेव्हा कडेवर असलेली मारिया. आमच्या चर्चनं बोलावलेलं मिशनरी कुटुंब. एरिक रविवारी उपदेश करायचे आणि आठवडाभर आजाऱ्यांच्या घरी जाऊन बसायचे. इंग्रिड वस्तीतली बालवाडी चालवायची. मी त्यांची मराठीची बाई, म्हणजे साळवेबाई. शिकवणी त्यांच्याच घरी, संध्याकाळी.

त्या घराला घोर एकच. व्हिसा वर्षाचाच मिळायचा. दर वर्षी अर्ज, दर वर्षी "बघू". मिळाला तर इथे, नाही तर गुंडाळा गाशा! फोन वाजला की एरिक तोंडातला घास तसाच ठेवून धावायचे. निम्म्या वेळा राँग नंबर. मग परत येऊन बसायचे, पण मन काही बसायचं नाही. मी इकडे क्रियापदं चालवतेय आणि हे खिडकीतून पोस्टमन बघतायत!

* * *

सुरुवातीची गोष्ट. एरिकनी पहिल्यांदाच मराठीत प्रार्थना केली. डोळे मिटले, हात वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे प्रभू, आपण सारे पापी आहोत!"

आमचे चर्चचे म्हातारे खजिनदार प्रार्थनेत कधी डोळे उघडत नाहीत. त्या दिवशी उघडले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, यांनी देवालाही घेतलं की आपल्यात!"

संध्याकाळी मी समजावलं. "अहो, 'आपण' म्हटलं की ऐकणाराही आत येतो. देवाशी बोलताना 'आम्ही' म्हणायचं. आम्ही पापी. तो नाही."

एरिकना ते फार आवडलं. म्हणाले, "मग देव सोडून सगळ्यांना मी 'आपण'च म्हणणार. कुणाला बाहेर कशाला ठेवायचं?"

झालं! दुसऱ्या दिवशी यांच्याच मोरीतला नळ चालू राहिला आणि जिन्यावरून पाणी वाहायला लागलं. खालून घरमालक आपटेकाका धोतर सावरत वर आले. एरिक नम्रपणे म्हणाले, "माफ करा काका. आपण नळ उघडा ठेवला."

"मी?" आपटेकाका कडाडले. "अहो, मी सकाळपासून गणपतीच्या देवळात होतो!"

* * *

तेव्हा पुण्याला आयटीचं वारं लागलेलं. खराडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि चर्चमधली पोरं तिथून थेट विमानातच बसायला बघत होती. रविवारी "कुणाची काही प्रार्थनेची विनंती?" असं विचारलं, की पूर्वी गुडघेदुखी, सासूबाई, दहावीचा निकाल असं काहीबाही यायचं. आता सगळे एकाच सुरात, "व्हिसा!" एकाला अमेरिकेचा, दुसरीला इंग्लंडचा, तिसऱ्याला कुठलाही.

त्यांची यादी संपल्यावर खुद्द पास्टर उभे राहिले. "माझ्याही व्हिसासाठी प्रार्थना करा," म्हणाले. "इथे राहायच्या."

मग मागच्या बाकावरून आमचा नितीन, सॉफ्टवेअरवाला, म्हणाला, "सर, एक्स्चेंज ऑफर काढू या का?"

सगळे पोट धरधरून हसले. एरिकही हसले. इंग्रिड मात्र हसली नाही, ती मारियाची वेणी सोडून परत घालत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

आपटेकाकांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आमचा चिरंजीव तिकडं जायला मरत होता, आणि तुम्ही इकडं राहायला मरताय. कुणीतरी चुकतंय, आणि मला वाटतं दोघंही!"

* * *

इंग्रिडला लोणचं शिकायचं होतं. शेजारच्या शेखभाभींनी कैऱ्या आणल्या, फोडी केल्या, मोहरी फेसली. इंग्रिड मान मोडून कामाला लागलेली, हात हळदीनं पिवळे. बरणी भरल्यावर तिनं विचारलं, "भाभी, आता खायचं?"

"आत्ता कुठं? मुरू दे की! मग बघ, वर्षभर टिकतं."

इंग्रिडनं हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाली, "भाभी, थोडं कमी टिकणारं असतं का?"

भाभी उठल्या, आपल्या घरात गेल्या आणि स्वतःची मुरलेली बरणी आणून तिच्या ओट्यावर ठेवली.

* * *

मारियाचं मराठी कुणी शिकवलं? मी नाही! तिला शिकवलं ते पेठेनं. मराठी शाळा, बोळातल्या मैत्रिणी आणि आपटेकाकांची जीभ. सात वर्षांची झाली तोवर ती घरात आईबापांची दुभाषी झाली होती.

एकदा आम्ही सगळे कात्रजला साप बघायला निघालो. रिक्षावाल्यानं एरिककडे बघितलं आणि हिंदीतून असा काही आकडा सांगितला, की मीच हबकले. मी तोंड उघडायच्या आत मागून मारिया म्हणाली, "काका, कात्रजला जायचंय, काठमांडूला नाही!"

रिक्षावाल्यानं वळून बघितलं. सोनेरी केस, निळे डोळे, दोन घट्ट वेण्या. निमूटपणे मीटर पाडलं आणि मला विचारलं, "बाई, ही नक्की कुणाची?"

* * *

पाचव्या वर्षीचा अर्ज मात्र लांबला. दिवस गेले, आठवडे गेले, मुदत संपत आली. आणि एका सकाळी व्हिसाच्या कचेरीतून बोलावणं आलं. साहेबांचं मराठी झेपलं नाही तर सोबतीला असावी म्हणून एरिक मारियाला घेऊन गेले. मी इंग्रिडपाशी बसले. बसले कसली! ती खिडकीपासून दारापर्यंत, मी दारापासून खिडकीपर्यंत. तिनं एकच फडताळ तीनदा पुसलं. मला म्हणाली, "बाई, परत गेलो तर मारिया तिकडे कुणाशी बोलेल?" मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एरिक दोन-दोन पायऱ्या चढत आले, हातात पेढ्यांचा पुडा!

"इंग्रिड! साहेब खूप चांगले होते. चहा दिला. कामाचं कौतुक केलं!"

"आणि व्हिसा?" इंग्रिडनं विचारलं.

"मग खूप फास्ट बोलले, मोठे मोठे शब्द. मला सगळं नाही कळलं. पण शेवटी फाईलची दोरी बांधली, उभे राहिले, हात जोडले, आणि म्हणाले..." एरिकनी स्वतः हात जोडून दाखवले. "म्हणाले, 'बरं, या आता!' इंग्रिड, 'या' म्हणाले! 'या'!"

पाच वर्षं हा माणूस पेठेत दारोदार गेला होता, आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्यानं "या, या" एवढंच ऐकलं होतं. इंग्रिड मटकन खुर्चीत बसली, पदरासारखी ओढणी तोंडाला लावून हसायला आणि रडायला लागली. एरिक पुडा तिथेच उघडा ठेवून खाली आपटेकाकांना हाका मारायला धावले.

मी दाराकडे बघितलं. मारिया तिथेच बसली होती, सँडलचा पट्टा काढत होती, आणि तो तिला निघत नव्हता.

मग ती उठली, पुड्यातला एक पेढा घेतला आणि माझ्याजवळ आली. पेढा माझ्या हातावर ठेवून कानाशी लागून म्हणाली, "मावशी, आज नका ना सांगू. उद्या मी सांगते पप्पांना."