सामानापाशी कुणीतरी हवं

"तुम्ही व्हा पुढे," असं म्हणताना वहिनी हातातलं उलथनं पायवाटेच्या दिशेने उडवत. कोंबड्या हाकलताना हात उडतो, तसा. आणि आम्ही कोथरूडची शिकलीसवरलेली माणसं, पाठीवर सॅक, हातात काठ्या, मुकाट्याने पुढे होत असू.

पुढे म्हणजे कळसूबाईवर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. आमच्या सोसायटीचा ट्रेकिंग ग्रुप दर हिवाळ्यात तिथे जाई. ग्रुपचे सर्वेसर्वा म्हणजे वहिनींचे यजमान. त्यांना आम्ही सर म्हणायचो. ते कुठे शिकवत होते अशातला भाग नाही. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपोआप हाताची घडी व्हायची, एवढंच. तुम्हीही असे सर पाहिले असतील. प्रत्येक सोसायटीला एक मिळतोच.

पायथ्याच्या बारी गावात एका घराची पडवी ठरलेली होती. गावात घरोघरी चांगलं जेवण मिळतं, पण सरांचा गावच्या तेलावर विश्वास नव्हता. त्यामुळे वहिनी पुण्याहून स्टोव्ह, पीठ, तेल घेऊन यायच्या आणि पडवीत पिठलं-भाकरी करायच्या. आम्ही शिखर गाठून येईपर्यंत आमच्या बॅगा राखायच्या, आल्यावर वाढायच्या, मग ताटं घासायच्या. "सामानापाशी कुणीतरी हवंच," असं सर म्हणत. तो कुणीतरी कधी बदलला नाही.

वहिनी बिचाऱ्या वगैरे मुळीच नव्हत्या. एकदा आमच्यातला एक जण उतरल्या उतरल्या सुरू झाला, "वहिनी, वरून काय दिसतं म्हणून सांगू!"

"खालून तुम्ही दिसता," वहिनी म्हणाल्या. "मुंग्यांएवढे. फक्त मुंग्या इतकं बोलत नाहीत."

निघण्यापूर्वी सरांचं व्याख्यान असे. बारीची वाट म्हणजे लोखंडी शिड्या लावलेला सार्वजनिक जिना, खरा गिर्यारोहक पलीकडच्या इंदोरे गावाच्या बाजूने चढतो, हे ते बारीच्याच वाटेवर उभे राहून सांगत. मग कळसूची गोष्ट. कळसू ही घरकामाला राहिलेली मुलगी. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर राहिलेली. एक दिवस घरी पाहुणे फार झाले आणि तिला नेमकी तीच कामं लावली. तिने ती केली आणि जी डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. तिची देवी झाली. भांडी घासली ती जागा म्हणजे वाटेवरचं थाळेमेळ. "काय हा स्वाभिमान!" इथे सरांचा आवाज भरून येई. त्यांच्या मागे वहिनी आमचे चहाचे कप विसळत असत.

शिखरावरच्या देवीसाठी वहिनी दर वर्षी ओटी पाठवत. खण, नारळ, तांदूळ, एका कापडी पिशवीत. ती कुणाच्या तरी सॅकमधून वर जाई. एकदा मला भाजीवाल्याकडे भेटल्या, तेव्हा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "शिड्यांना दोन्ही बाजूंनी कठडे आहेत का हो?"

"आहेत की. का?"

"एवढी वर्षं दुसऱ्याच्या हाती ओटी पाठवतेय. एकदा माझ्या हाताने भरीन म्हणते." मग आवाज खाली आणून, चोरी केल्यासारखं, "बूट घेतलेत."

त्या हिवाळ्यात वहिनींनी पहाटेच पिठलं उरकलं, भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि नवे बूट घालून, पिशवी छातीशी धरून रांगेच्या शेवटी येऊन उभ्या राहिल्या. भातखाचरांच्या बांधापर्यंत आल्याही. तिथे सरांनी मागे वळून पाहिलं.

"अरे वा! आमची कळसूबाई निघाली!" सर ओरडले. "आता भांडी कोण घासणार?"

सगळे हसले. विनोद तसा चांगलाच होता. वहिनीही हसल्या. मग सर मायेने म्हणाले, "तुझ्या गुडघ्याला नाही झेपायचं ते. उगाच सगळ्यांचा खोळंबा."

वहिनींनी पिशवी माझ्या हातात दिली. "तुम्ही व्हा पुढे." हातात उलथनं नव्हतं, तरी हात तसाच उडाला. मी पुढे झालो.

पुढच्या दिवाळीनंतर वहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं. सरांनी लगेच स्मृती-मोहीम जाहीर केली. फलकावर वहिनींचा फोटो होता. सरांचा जरा मोठा होता. काचेच्या फ्रेममधला, हार घातलेला दुसरा एक फोटो मिनीबसमध्ये पुण्यापासून मांडीवर घेऊन आणला. तो शिखरावर न्यायचा होता.

बारीला उतरल्यावर सरांनी फ्रेम दोन्ही हातांनी तोलून पाहिली.

"जड आहे. त्यात काच," ते म्हणाले. "शिड्यांवर हात मोकळे हवेत. इथेच ठेवू पडवीत. नाहीतरी सामानापाशी कुणीतरी हवंच."

या वेळी कुणी हसलं नाही. सॅक चढवून आम्ही पुढे झालो.

शिखरावर देवळासमोर सरांनी डोळे मिटले. "ती गेलेली नाही," ते म्हणाले. "आज या क्षणी ती इथे आहे. आपल्यात." आम्ही माना खाली घातल्या. देवीची ओटी आणायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

जेवण गावातल्याच एका घरी सांगितलं होतं. तेलाबद्दल सर काही बोलले नाहीत.

आम्ही उतरलो तेव्हा वहिनी पडवीत बॅगांना टेकून बसल्यासारख्या होत्या. आमच्या आधी पोहोचलेल्या कुणीतरी फ्रेमच्या कोपऱ्यावर आपले घामट मोजे वाळत घातले होते.